छोट्या दुकानात क्यूआर ठेवावा की "फक्त रोख"ची पाटी लावावी?

सांगलीचा_गल्ला

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं किराणा आणि थोडी स्टेशनरी असं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. सध्या घरात एकच वाद चालू आहे, तो इथे टाकतो. बायको म्हणते, काउंटरवरचा क्यूआर काढा, "फक्त रोख" अशी पाटी लावा आणि निवांत झोपा. मी म्हणतो, तसं केलं तर निवांत झोपायला वेळच वेळ मिळेल, कारण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल.

वादाचं मूळ हुबळीत आहे. माझ्या मामेभावाची तिथे छोटी बेकरी आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची. बंगळुरूत चहाच्या टपऱ्यांवर आणि बेकऱ्यांवर क्यूआरच्या जागी "नो यूपीआय, ओन्ली कॅश" असे कागद झळकले. बंदची हाक दिली गेली, मग मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली आणि जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण नोंदणी करून घ्या, असं सांगितलं. मामेभावाला नोटीस आलीच नव्हती, तरी धसक्याने त्याने क्यूआर उतरवला. आणि कॉलेजची पोरं खारी-बिस्किटं न घेता परत जायला लागली तसा पुन्हा चिकटवला.

आता माझा हिशेब. क्यूआर आल्यापासून सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पूर्वी दोन रुपयांऐवजी चॉकलेट टेकवलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं, तेच गिऱ्हाईक आता ४८ रुपये अगदी ४८ रुपये पाठवतं. रात्री नोटा मोजत बसणं कमी झालं, फाटकी नोट नाही, खोटी नोट नाही. मी जेवायला गेल्यावर गल्ल्यावर पोरगा असला तरी काळजी नाही, कारण पैसे त्याच्या हातात येतच नाहीत.

पण एक गंमत बघा. पूर्वी रोकड भरायला मी बँकेच्या रांगेत उभा राहायचो. आता रोकड काढायला एटीएमच्या रांगेत उभा असतो. मार्केट यार्डातले काही आडते, हमाल, टेम्पोवाला, गूळ आणून देणारा, सगळ्यांना रोख लागते. गिऱ्हाइकाकडून येणारा पैसा खात्यात आणि मला द्यायचा तो हातात. मधला हेलपाटा माझा.

आणि बायकोचा खरा मुद्दा वेगळाच आहे. ती म्हणते, गल्ल्यातले पैसे किती, हे पूर्वी फक्त तुम्हाला, मला आणि लक्ष्मीपूजनाच्या चोपडीला माहीत असायचं. आता बँकेला माहीत, ॲपवाल्या कंपनीला माहीत, सरकारला माहीत. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तुमच्याकडे असलं तर सांगा. क्यूआर ठेवू की काढू?

अनघा_ठाणे

गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. माझ्या पर्समध्ये बरेचदा रिक्षापुरतेही पैसे नसतात, आणि आता रिक्षावाल्याच्या हँडलजवळही क्यूआर असतो. "फक्त रोख" पाटी दिसली तर मी पुढच्या दुकानात जाते. राग म्हणून नाही, इलाज नाही म्हणून.

पण एक कबूल करायला हवं, माझा खर्च वाढला आहे. पाचशेची नोट मोडायची म्हटलं की पूर्वी हात आखडायचा. आता महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट उघडलं की दहा, वीस, चाळीस रुपयांच्या नोंदींची शेपटी संपतच नाही. आईच्या पाकिटांची पद्धत (दूध, भाजी, पेपर, देवघर) ॲपमध्ये कशी आणायची ते अजून जमलेलं नाही.

स्पष्टवक्ता_पुणे३०

सरळ बोलू का? ज्याला नोंदीची भीती वाटते त्याला कर चुकवायचा असतो. पगारदारांचा कर पगार हातात यायच्या आधी कापला जातो, आम्ही कुठे पाटी लावायची?

सांगलीचा_गल्ला

@स्पष्टवक्ता, या एकदा दुकानात. साखरेच्या पोत्यामागे आणि तेलाच्या डब्यामागे काय सुटतं ते दाखवतो. वर्षाला ४० लाखांची विक्री म्हणजे दिवसाला ११ हजारांच्या आत. ऐकायला ४० लाख मोठे वाटतात, पण ती विक्री आहे, कमाई नव्हे. कर द्यायला ना नाही. चार वर्षांचा कर, दंड आणि व्याज एका पाकिटातून एकदम यायला ना आहे.

नुसताच_वाचक

धागा शंभरी गाठणार. बसायला जागा धरून ठेवतो.

हिशेबनीस

मी कर सल्लागार आहे, माझी बरीचशी अशिलं दुकानदारच आहेत. कर्नाटक प्रकरणानंतर इकडेही घाबरून फोन आले, तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहितो.

माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला ४० लाखांची उलाढाल, सेवा देणाऱ्यांसाठी २० लाख. ही मर्यादा यूपीआयची नाही, सगळ्या विक्रीची आहे. रोख घेतलेले पैसेही त्यात धरायचेच असतात. त्यामुळे क्यूआर काढल्याने कायद्याने तुमची जबाबदारी एका पैशानेही बदलत नाही. आणि फक्त रोखीत व्यवहार केला की माग राहत नाही, हाही भ्रमच. तुम्ही साबण-बिस्किटांच्या वितरकाकडून बिलावर माल घेता, ते बिल त्याच्या विवरणात जातं. ६० लाखांची खरेदी करून ३० लाखांची विक्री कोणी दाखवली तर त्याला क्यूआरशिवायही नोटीस येईल.

हावेरीच्या भाजीवाल्याची बातमी वाचून लोक चक्रावले, त्यातला मुद्दा असा: ताज्या भाजीवर जीएसटी नाही. जो फक्त करमुक्त मालच विकतो त्याला कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी लागत नाही. पण खात्यात जमा झालेल्या आकड्यावर "भाजी" असं लिहिलेलं नसतं. कर खात्याला दिसते ती रक्कम. मग ती भाजीची, बिस्किटाची की मेहुण्याने परत केलेल्या उसन्या पैशांची, हे तुम्हाला सांगावं लागतं, आणि सांगायला कागद लागतो. किराणा दुकानात करमुक्त आणि करपात्र दोन्ही माल असतो, तिथे ४० लाख मोजताना दोन्हीची बेरीज धरतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मर्यादा ओलांडली तरी आभाळ कोसळत नाही. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यांना कंपोझिशनची (सोप्या पद्धतीने कर भरायची) सोय आहे, करपात्र विक्रीवर १ टक्का. त्यात गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही, पण कागदपत्रं थोडकी.

आता वहिनींसाठी एक गोष्ट, जी या वादात कोणी सांगत नाही. आयकरात छोट्या व्यावसायिकांना ४४एडी म्हणून ओळखली जाणारी सोय आहे: हिशेबाच्या वह्या न ठेवता विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरायचा. रोख विक्रीवर ते प्रमाण ८ टक्के आहे, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. ३० लाखांची विक्री सगळी रोख असेल तर नफा किमान २ लाख ४० हजार धरावा लागतो, सगळी यूपीआयने असेल तर १ लाख ८० हजार. (खरा नफा याहून जास्त असेल तर तोच दाखवायचा, हे उघड आहे.) शिवाय या सोयीची मर्यादा २ कोटी, पण रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. म्हणजे क्यूआर काढला तर तुम्ही उलट महागाच्या बाजूला जाता.

एका बाबतीत मात्र वहिनींची धास्ती खरी आहे. दुकानाचा क्यूआर आणि घरचं बचत खातं एकच असेल तर तो घोळ तुम्हाला कधी ना कधी भोवतो.

खानावळवाली_संभाजीनगर

तुम्ही सगळे जीएसटीचं बोलताय, मला वेगळाच फटका बसला. मी पोरांसाठी मेस चालवते, स्पर्धा परीक्षेवाली मुलं जास्त. सगळे महिन्याचे पैसे स्कॅन करून देतात. एक दिवस सकाळी गॅसवाला दारात आणि माझं पेमेंट जाईना. आधी वाटलं नेट गेलं. बँकेत गेले तर म्हणाले, खात्यावर होल्ड आहे, सायबरची तक्रार आहे, दुसऱ्या राज्यातली. मी म्हटलं, मी पोळ्या लाटते हो, सायबर काय असतं मला माहीत नाही.

नंतर उलगडा झाला. एका मुलाने मेसचे पैसे मित्राच्या खात्यावरून दिले होते. त्या मित्राच्या खात्यात कुठल्या तरी फसवणुकीतले पैसे फिरत आले होते. त्यातले जेवणाचे साडेतीन हजार माझ्याकडे आले आणि माझं अख्खं खातं बंद. किराणा, भाजी, भाडं, मुलीची फी, सगळं त्याच खात्यात. बँकेत कोणी नीट सांगेना कुठल्या पोलिसांना भेटायचं. दूधवाल्याने उधारीवर निभावून नेलं म्हणून मेस चालू राहिली.

माझा प्रश्न साधा आहे. नोटेने पैसे दिले असते तर ती नोट कुठून आली हे मला कोणी विचारलं असतं का?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, तुमच्यावर गुदरलेला प्रकार हल्ली बराच दिसतो, आणि बँकेच्या काउंटरवरच्या माणसालाही तो धड समजावता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फसवणूक झालेला माणूस १९३० या क्रमांकावर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. ती तक्रार लगेच त्याच्या बँकेकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले ते खातं थांबवलं जातं. पण चोर तिथे पैसे ठेवत नाहीत. मिनिटांत ते दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात जातात, आणि त्यातलं कोणीतरी वडापाव, पेट्रोल किंवा मेसचे पैसे देतं. साखळी जिथवर पोचते तिथवर होल्ड लागत जातो. या यंत्रणेने अनेकांचे कष्टाचे पैसे वाचले आहेत हे मान्य करायला हवं, कारण पहिल्या तासाभरात तक्रार झाली तरच काही हाती लागतं. पण साखळीच्या टोकाला बसलेल्या दुकानदाराने माल दिलेला असतो, त्याचा काही दोष नसतो, आणि तरी तो अडकतो.

काय करायचं ते सांगतो. बँकेकडे लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी लेखीच मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं किंवा सायबर शाखेचं नाव, आणि वादातली रक्कम. मग त्या ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर तुमची बाजू पाठवा, सोबत मेसचं रजिस्टर, त्या मुलाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, आधीच्या महिन्यांची त्याची पेमेंट. बँकेला दुसरा अर्ज असा द्या की होल्ड फक्त वादातल्या रकमेपुरता ठेवावा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत अख्खं खातं न गोठवता संशयित रकमेपुरतंच थांबवावं असं म्हटलं आहे, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा. बँकेने दाद दिली नाही तर आधी बँकेच्याच तक्रार विभागाकडे जा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आणि "पैसे भरा, खातं सोडवून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या. त्या नावानेही फसवणूक चालते.

खानावळवाली_संभाजीनगर

काका, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. होल्ड आता त्या रकमेपुरताच आहे, बाकी खातं चालू झालं. साडेतीन हजार अजून अडकलेलेच आहेत. तुम्ही लिहिलेलं छापून मेसच्या भिंतीवर लावते, बाजूच्या झेरॉक्सवाल्यालाही देते.

सर्व्हर_डाउन

मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नाव वाचून हसू नका, रात्रपाळीत घेतलेला आयडी आहे.

यूपीआय ११ एप्रिल २०१६ला मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झालं, बँकांची ॲप त्याच वर्षी ऑगस्टअखेर आली आणि नोव्हेंबरात नोटबंदी झाली. तिथून ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात पहिल्यांदाच २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले. दुकानांतले बहुसंख्य व्यवहार ५०० रुपयांच्या आतले असतात, म्हणजे हा डोलारा कोथिंबिरीच्या जुडीवर उभा आहे.

तुम्ही स्कॅन करता तेव्हा निरोप ॲपकडून एनपीसीआयकडे (यूपीआय चालवणारी संस्था), तिथून तुमच्या बँकेकडे (पैसे काढ), परत एनपीसीआयकडे, मग दुकानदाराच्या बँकेकडे (पैसे टाक) असा फिरतो. मध्ये एक जण जरी उत्तर द्यायला उशीर करू लागला तरी "पैसे कापले, पण मिळाले नाहीत" हा प्रसंग येतो. अशा वेळी दुकानात भांडू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे: माणसाने माणसाला पाठवलेले पैसे पुढे जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला पाठवलेल्यांची खात्री पोचली नाही तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

१२ एप्रिल २०२५ आठवतो का? हनुमान जयंती, शनिवार, मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा आणि नारळ घेणाऱ्यांची गर्दी, आणि देशभर यूपीआय अडखळलं. कारण मजेशीर होतं. काही बँकांची यंत्रणा "त्या व्यवहाराचं काय झालं?" असं एनपीसीआयला पुन्हा पुन्हा विचारत सुटली, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, आणि त्या चौकशांनीच वाट तुंबली. नंतर १ ऑगस्ट २०२५ पासून असल्या विचारण्यावर मर्यादा आल्या. एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते, तीही त्यातलीच.

पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा काउंटरवरचा बोलणारा डबा लोकांना खेळणं वाटतो, पण त्याचं काम मोठं आहे. त्यात स्वतःचं सिम असतं, निरोप थेट कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चिन्ह दाखवणारी बनावट ॲप आहेत, त्यामुळे फोनचा पडदा बघून माल देऊ नका. डबा बोलला तरच पैसे आले.

राहिला प्रश्न फुकट कसं चालतं याचा. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही (कार्डाच्या मशीनवर घेतात तसं). सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं. २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटींची योजना होती, छोट्या दुकानदाराच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारामागे ०.१५ टक्के. ॲपवाले डब्याच्या भाड्यावर आणि मुख्य म्हणजे तुम्हाला कर्ज विकून कमावतात. आणि निम्म्याहून कितीतरी जास्त, ८० टक्क्यांच्या वर व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांकडूनच जातात. एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा घालायची ठरलं होतं, ती मुदत पुढे ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत आणली आहे. रस्ता आपला, टांगे दोघांचे.

विदर्भाचं_गॅरेज

कर्जाचं लिहिलं म्हणून सांगतो भाऊ. आपल्या क्यूआरवर किती पैसे येतात हे बघून कंपनीनेच फोन केला, कागद नाही, तारण नाही, दहा मिनिटांत पैसे खात्यात. चांगलंच वाटलं. पण हप्ता रोजचा, क्यूआरवर येणाऱ्या पैशातून कापून. पावसात गॅरेज थंड असतं, तरी कापणं चालूच. बँकेत शंभर कागद मागतात म्हणून आपण इकडे वळतो, हेही खरंच आहे. व्याजाचा दर वर्षाचा किती पडतो ते विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

मालवणी_वारा

आमच्याकडे प्रश्न ठेवू की काढू हा नाही, रेंज येते की नाही हा आहे. वाडीत एक वळण आहे, तिथे उभं राहिलं की टॉवर मिळतो. दुकानातून माल घेऊन वळणावर जायचं, पैसे पाठवायचे, मग घरी. दुकानदार म्हणतो, "जावा हो, खंय पळतलास." साध्या फोनवरून चालणारं यूपीआय मार्च २०२२ मध्ये आलं, पण आमच्या गावात ते वापरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मात्र मला लिहायचं आहे ते मासळी बाजाराबद्दल. मालवणच्या बाजारात आता बऱ्याच मासेवाल्यांकडे क्यूआर आहे. स्कॅन केल्यावर येणारं नाव बघा कधीतरी. पापलेटचा भाव करणारी, माशी वारणारी, पहाटे लिलावात उभी राहणारी बाई समोर असते आणि पडद्यावर नाव येतं मुलाचं नाहीतर नवऱ्याचं. स्मार्टफोन त्याचा, खातं त्याचं. पूर्वी दिवसभराचे पैसे कमरेच्या पिशवीत असायचे, घरी किती सांगायचे हे ती ठरवायची. आता तिची विक्री तिला कळायच्या आधी घरातल्या फोनवर वाजते. सांगलीच्या वहिनींनी विचारलं ना, पैसे कोणाला दिसतात? ह्या बायकांना तो प्रश्न सरकारबद्दल पडत नाही.

खानावळवाली_संभाजीनगर

@मालवणी_वारा, नेमकं बोललात. मेस सुरू केली तेव्हा क्यूआर मिस्टरांच्या नावाचा होता. गॅसला पैसे हवेत म्हणून मागायचे आणि "कालच दिले होते ना" हे ऐकायचं, माझ्याच पोळ्यांचे पैसे. माझं खातं काढून माझा क्यूआर लावला तेव्हा घरात महिनाभर तणतण झाली. आता महिन्याचा जमाखर्च मीच बघते. खातं अडकलं तेव्हाही क्यूआर बंद करावा असं मनात आलं नाही, ते ह्यामुळेच.

अनघा_ठाणे

हे वाचून आमच्या भाजीवाल्या मावशी आठवल्या. त्यांना विचारून बघेन, पण कसं विचारायचं तेच कळत नाही.

स्टॉकहोमचा_जोशी

इकडचं थोडं, अवांतर वाटलं तर सोडून द्या. स्वीडनमध्ये मोठ्या बँकांनी मिळून २०१२ मध्ये स्विश नावाची सेवा काढली, फोन नंबरवर पैसे पाठवायची. आज इथे नोटा न घेणारी दुकानं सर्रास आहेत. पण २०२४च्या शेवटी सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली, युद्ध किंवा संकट आलं तर काय करायचं याची. त्यात पाणी, रेडिओ, ब्लँकेट यांच्या जोडीला घरात थोडी रोकड ठेवा, तीही वेगवेगळ्या नोटांत, असं लिहिलेलं आहे. नोटा हद्दपार करायला निघालेल्या देशाचा हा सल्ला. आणि स्विश दुकानदाराला फुकट नाही, प्रत्येक व्यवहारामागे शुल्क पडतं. आपल्याकडे ते फुकट आहे याचं इथल्या लोकांना आश्चर्य वाटतं.

निवृत्त_शाखाधिकारी

रोकड आपल्याकडेही संपलेली नाही. नोटबंदीच्या आधी चलनात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा होत्या, मार्च २०२५ अखेर सुमारे ३७ लाख कोटींच्या. यूपीआय वाढलं आणि नोटाही वाढल्या. रोजच्या खरेदीतून नोट मागे सरली, पण लोकांनी ती कपाटात ठेवायचं सोडलेलं नाही, असा माझा अंदाज. तेव्हा गल्लेवाले, यार्डातल्या आडत्याला दोष देऊ नका, तो एकटा नाही. फक्त एक लक्षात ठेवा, धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नाहीत.

स्पष्टवक्ता_पुणे३०

खानावळवाल्या ताईंची पोस्ट वाचून माझं वाक्य जरा मऊ करतो. नोंदीची भीती असलेला प्रत्येक जण करबुडवा नसतो. बाकी मत कायम.

सांगलीचा_गल्ला

सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना बायकोला पूर्ण धागा वाचून दाखवला. ६ आणि ८ टक्क्यांचं ऐकून ती थांबली, पण मालवणचं ऐकल्यावर म्हणाली, "मग दुकानाचं खातं दोघांच्या नावावर काढा, आणि डबा बोलतो तेव्हा मेसेज माझ्याही फोनवर आला पाहिजे." दुपारी दुकान तीच सांभाळते, त्यामुळे मला बोलायला जागाच उरली नाही.

ठरलं ते असं. क्यूआर राहणार. घरच्या बचत खात्यावरचा काढून दुकानाच्या चालू खात्याचा लावणार. रोज रात्री रोख विक्री आणि यूपीआय विक्री वेगवेगळी लिहायची, आणि करमुक्त-करपात्र वेगळं दिसावं म्हणून तांदूळ-डाळ सुटी किती, पाकीटबंद किती, हेही. चार दिवसांची रोकड घरात, जोशीबुवांच्या सल्ल्याने. @हिशेबनीस, चालू खात्याला काय लागेल? शाखेत विचारलं तर एका खिडकीने एक यादी दिली, दुसरीने दुसरी.

हिशेबनीस

जीएसटी नोंदणी नसेल तर साधारणपणे धंद्याचे दोन पुरावे मागतात. एक, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद): सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने होते, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. दुसरा, शॉप ॲक्टची (दुकानांच्या कायद्याची) नोंद. २०१७च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार, २०२५च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते, तीच पावती बँकेला द्यायची. पॅन आणि दुकानाच्या पत्त्याचं लाइट बिल सोबत ठेवा.

वहिनींचं नाव घालायचं असेल तर एक गाठ आधीच सोडवा. एकट्या मालकाच्या धंद्याच्या चालू खात्यात दुसरं नाव सहसा घालत नाहीत, सहीचे अधिकार देता येतात. दोघं खरोखर मालक व्हायचं तर भागीदारीचा करार, फर्मचा वेगळा पॅन, आणि आयकराचा हिशेबही वेगळा होतो. आणि धंदा सरळ वहिनींच्याच नावावर करायचा म्हणाल, तर पैसे कोणाचे लागले हे आयकरवाले विचारतात. वहिनींना फोनवर घ्या, त्यांना काय हवंय ते आधी त्यांच्याकडूनच ऐकतो. कामाच्या दिवशी सहानंतर केव्हाही.